हसूदादांचा शेवटचा हॉर्न

"लाथा नको घालू गो बाय! गाडी हाय ती, वैरीण नाय!"

हसूदादा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. ओळख ना देख! पेणच्या बाजारात अब्बांचं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या पडवीत मी घामाघूम होऊन मोटरसायकलला किक मारत होते. गाडी माझ्या भावाची. तो आखातात नोकरीला गेला आणि गाडी तिथे एका जुन्या ताडपत्रीखाली पडून राहिली. एवढ्यात कानाला मफलर, कपाळावर चढवलेला चष्मा आणि मिशीला भरपूर तेल असा एक आडवा माणूस गल्ल्यावर बसलेल्या अब्बांना न विचारता सरळ आत घुसला, मला हाताने बाजूला केलं आणि गाडीपुढे उकिडवा बसला. मी मनात म्हटलं, हा कोण बुवा घरात शिरला!

"तुम्ही कोण?" मी जरा तडकूनच विचारलं. माझा आवाज पहिल्यापासूनच चढा.

"हसुराम म्हात्रे. रोह्याच्या कंपनीत बॉयलरवर. पेण ते रोहा रोज गाडीवर. ह्या रस्त्याला माझ्याएवढी गाडी कोनाला कलत नाय, कोनाला बी विचार."

"मी त्याच कंपनीत लागलेय. लॅबमध्ये."

"मंग झालंच की! आपल्यातलीच निघालीस!" आणि ते खूश होऊन मांडी ठोकून बसले.

खरं म्हणजे काहीच झालं नव्हतं, उलट सगळं अडलं होतं. कंपनीने पेणहून जाणारी आमची बस दिवाळीनंतर बंद केली होती. पहिल्या पाळीचा भोंगा सातला व्हायचा आणि पहिली एसटी काही त्याआधी रोह्याला पोचत नव्हती. मी नवी, त्यातून बाई. घरी बसायची पाळी आली होती, म्हणून ही गाडी. अब्बा माझ्यावर रुसले होते, अम्मी नवस बोलत होती, आणि गाडी ढिम्म हलत नव्हती.

"आता बघ," हसूदादा म्हणाले. "आधी ठिणगी, मंग पेट्रोल, मंग हवा. ह्या क्रमानंच विचारायचं. क्रम सोडलास का दिवस गेला."

त्यांनी प्लग काढला. काळा, ओला. तो अम्मीच्या चुलीशी नेऊन शेकला, फडक्याने पुसला. प्लगवर बसणारी टोपी आतून दमट होती, तीही कोरडी केली. मग प्लग इंजिनाला टेकवून मला किक मारायला लावली. टक्‌! निळी ठिणगी! मी लहान मुलीसारखी ओरडले. "ओरडू नको, अजून पेट्रोल नि हवा राहिलीत," म्हणत त्यांनी कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला आणि आलेलं पेट्रोल तळहातावर घेतलं. पेट्रोलच्या खाली एक गोल, जड थेंब इकडून तिकडे पळत होता.

"पानी," ते कुजबुजले. "पाऊस नाय, पूर नाय, मंग आलं कुठून? टाकी अर्धी रिकामी ठेवली ना, तिथून. थंडीत रिकाम्या टाकीला आतून घाम सुटतो. संध्याकाली टाकी भरून ठेवायची. भरल्या टाकीत घामाला जागाच नाय."

सगळं जुनं पेट्रोल काढलं, नवं घातलं, चोक ओढला, आणि तिसऱ्या का चौथ्या किकला गाडीने असा काही आवाज केला की अब्बा खोकत खोकत गल्ला सोडून आत आले. पडवीभर निळा धूर. हसूदादा हात वर करून नाचत होते, आणि अब्बा रुसलेले होते हे स्वतःच विसरून हसायला लागले. दादा दुकानात आले होते ती ताडपत्री घ्यायची राहिलीच.

हसूदादा मिठागरवाल्यांच्या घरचे. पेणच्या खाडीकाठी त्यांचं गाव. आजे, पणजे, वडील, सगळ्यांचा जन्म मीठ पिकवण्यात गेलेला. मिठागरावर माणूस कायम हवेवर नजर ठेवून असतो. अवेळी दमट वारा आला तर पिकलेलं मीठ हातचं जातं. दादा तिथून कंपनीत आले, पण ती नजर काही गेली नाही. ओल ही त्यांची जन्माची वैरीण होती. तिच्याबद्दल ते एखाद्या बाईबद्दल बोलावं तसं बोलत. सकाळी नाक वर करून वास घेत आणि म्हणत, "आली. वडखलच्या पुढं बसलीय. गडबला गाठंल." आणि बरोब्बर गडब गावाशी धुकं गाठायचं! भाताची कापलेली शेतं, त्यातला वाल, रस्त्याकडेची दुकानं, सगळं गडप. मी म्हणायचे, "दादा, तुमची जुनी ओळख दिसतेय तिच्याशी." ते म्हणायचे, "सात पिढ्यांची."

पेणहून आम्ही काही जण एकत्रच गाड्यांवर निघायचो, तेव्हा दादांचं सकाळचं नटणं तर बघण्यासारखं असे. स्वेटरच्या आत छातीवर कालचं वर्तमानपत्र. "वारा बातम्या वाचत बसतो, आत येत नाय." मोज्यावर प्लास्टिकची पिशवी, मग बूट. मफलर नाकाखालून असा गुंडाळायचा की श्वास खाली गेला पाहिजे, वर काचेवर नाही. हेल्मेटच्या काचेला आतून कोरडा साबण घासून मऊ फडक्याने पुसायचा, म्हणजे वाफ धरत नाही. आणि तरीही काच बोटभर उघडी ठेवायची. एवढं करून स्वतःचा चष्मा मात्र रोज धुकटायचा. त्यावर त्यांच्याकडे इलाज नव्हता, आणि आम्ही विचारलं की ते ऐकू न आल्यासारखं करत.

कंपनीत पोचलो की आमचे सगळ्यांचे हातमोजे गोळा करायचे. ते उलटे करून बॉयलरच्या खोलीतल्या कठड्यावर ओळीने वाळत घालायचे. "सुलटे वालवलेत का बाहेर कोरडे, आत चिखल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साहेब पाहणीला आले की त्यांना हा कठडा दिसे, त्यावर दहा-बारा काळे पंजे लटकलेले. साहेब ते बघत आणि पुढे जात.

रस्त्यात कुणाची बंद गाडी दिसली की दादा थांबलेच. ओळख असो नसो, आधी त्याला शिव्या, मग त्याची गाडी. क्लचची वायर कडक झाली तर कागदाचा शंकू करून तिच्यात तेल सोडायचे. ब्रेक दंवाने बुळबुळीत झालेत असं वाटलं की चालत्या गाडीवर हलकेच दाबून धरायला सांगायचे, म्हणजे आतली ओल घासून वाळते. साखळीला तेल सकाळी नाही, संध्याकाळी, गाडी गरम असताना. आणि हे सगळं अशा आवाजात की रस्त्यापलीकडच्या माणसालाही शिकायला मिळावं. नम्रता नावाचा प्रकार दादांना माहीतच नव्हता. "आहे का कोन असा?" असं ते स्वतःबद्दल स्वतःच विचारत आणि उत्तराची वाट बघत.

आमच्यातला अंतू पाटील पॅकिंगला होता. त्याची गाडी रोज पेणहून झोकात निघायची आणि रोज गडबलाच बंद पडायची. दहा मिनिटं उभी केली की चालू! गडबलाच का? कुणी म्हणालं पेट्रोलात भेसळ, कुणी म्हणालं त्या वडाखाली काहीतरी आहे. अंतूच्या आईने तिथे नारळसुद्धा फोडला. प्लग बदलून झाला, कार्ब्युरेटर उघडून झाला. हसूदादांनी दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी गडबला गाडी थांबली तशी ते उतरले आणि अंतूच्या टाकीचं झाकण उघडलं. सुस्स! टाकीने मोठा श्वास आत घेतला. मी शेजारीच होते, चांगला ऐकू आला.

"हे काय बांधलंस?" दादांनी झाकणावरची प्लास्टिकची पिशवी दोन बोटांनी उचलली.

"दंव जाऊ नये म्हणून," अंतू म्हणाला. "तुम्हीच सांगितलं ना, ओल लागू द्यायची नाय."

झाकणाला बारीक भोक असतं, तिथून हवा आत जाते म्हणून पेट्रोल खाली येतं. अंतूने पिशवी ताणून बांधून ते बंद केलं होतं. पेणपासून गडबपर्यंत टाकीतली हवा पुरायची, मग गाडीचा गळा आवळला जायचा. दादा रस्त्याकडेला बसून इतके हसले की त्यांना उचकी लागली. पण अंतूला पुढे कधी चिडवलं नाही, उलट सगळ्यांना सांगायचे, "पोरानं ऐकलं तरी माझं. तुम्ही ऐकता काय?"

त्याच थंडीत ते साहेबांचं प्रकरण झालं. मोटरसायकलवरून येणारे आम्ही पेणवाले एकदा धुक्यात सगळेच उशिरा पोचलो. साहेबांनी गेटवरच धरलं. माणूस वाईट नव्हता, पण बॉयलरला आणि लॅबला वेळेवर माणूस नसेल तर पाळी अडते, हे त्यांचं म्हणणं चूकही नव्हतं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी पेणचं एक जरी माणूस उशिरा आलं, तर पहिल्या पाळीला यापुढे रोह्याचीच माणसं. तुम्ही दुसरं काही बघा."

 आम्ही सगळे माना खाली घालून उभे. आणि हसूदादा मफलर सोडत पुढे झाले. "साहेब, शिमग्यापर्यंत पेणचं एकबी मानूस उशिरा येनार नाय. आला तर पहिला राजीनामा माझा."

"म्हात्रे, विचार करून बोला."

"केला," दादा म्हणाले. केलेला मुळीच नव्हता, आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. थंडीचे कडक दिवस अजून यायचे होते. घरी पोरीचं बाळंतपण तोंडावर आलेलं होतं. आणि हा मनुष्य नोकरी पणाला लावून मिशीला पीळ देत उभा!

दुसऱ्या दिवसापासून आमची रांग सुरू झाली. सगळ्यांत रडकी गाडी पुढे, म्हणजे अंतूची. तिच्या वेगाने सगळे. सगळ्यांत शेवटी हसूदादा, म्हणजे मागे कुणी सुटायला नको. माझी गाडी त्यांच्या पुढची. धुक्यात मागचं दिसायचं नाही, म्हणून हॉर्न. वडखल, गडब, नागोठण्याचा पूल आणि भिसे खिंडीचा माथा, या चार जागी अंतूने एक हॉर्न द्यायचा, मग त्याच्या मागच्याने, असं करत करत शेवटी दादांचा. तो लांबलचक, म्हशीने हंबरावं तसा. तो आला की समजायचं सगळे आहेत. एखाद्याचा नाही आला तर सगळ्यांनी थांबायचं. काय मजा यायची म्हणून सांगू! ते धुकं, नाकाचा बर्फ, आणि पुढून मागे पळत जाणारे ते हॉर्न. माझा हॉर्न झाला की मी श्वास रोखून धरायचे, आणि मागून तो हंबरडा आला की उगीचच हसू फुटायचं.

"आणि तुमचा नाही आला तर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"माझा नाय आला तर थांबायचं नाय," ते एकदम करड्या आवाजात म्हणाले. "मी एकटा उशिरा आलो तर माझ्या एकट्याची नोकरी जाईल. सगले थांबलात तर सगल्यांची. समजलं?"

समजलं. पण पटलं कुठे होतं?

आता ती मिठाची पुरचुंडी. दादांच्या गाडीच्या बाजूच्या झाकणाआड, बॅटरीपाशी, फडक्यात बांधलेलं जाडं मीठ असायचं. मिठागरावरच्या झोपडीत त्यांची आई काड्यापेटीच्या डब्यात अशी पुरचुंडी ठेवायची. मीठ हवेतली ओल पिऊन टाकतं, काड्या कोरड्या राहतात. तेच दादांनी गाडीला केलं. मी ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"दादा, हे जाडं मीठ पाणी ओढून ओढून स्वतःच पाझरतं! तारा खाऊन टाकेल. मी केमिस्ट्री शिकलेय हो!"

"मिठाचं तू मला सांगतेस?" ते फिस्‌कन हसले. "अगो, आमी मिठातच जन्मलो. हात लावून बघ."

मी हात लावला. खडखडीत कोरडी! गडबच्या धुक्यातून आलेली पुरचुंडी कोरडी ठणठणीत! मग मी अधूनमधून मुद्दाम तपासायला लागले. दर वेळी कोरडी. माझी केमिस्ट्री तोंडावर पडली आणि दादा रोज माझ्याकडे बघून भुवया उडवायला लागले. इतका राग यायचा मला, की शेवटी तपासणंच सोडलं!

माघात यमुनावहिनी, म्हणजे दादांची बायको, लेकीच्या बाळंतपणाला उरणला गेल्या. दादा घरी एकटे. भाकरी करपलेली असायची, सदरा उलटा असायचा, पण रांग वेळेवर. शिमगा आठवड्यावर आला. आम्ही जिंकल्यातच जमा होतो. साहेब गेटवर दिसले की दादा मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "थंडी हाय म्हनं साहेब! कनची थंडी?"

आणि त्या दिवशी सकाळी धुकं असं पडलं की तसं मी ना आधी पाहिलं ना नंतर. वडखलला आम्ही एकमेकांचे मागचे दिवे धरून चाललो होतो. गडबला हॉर्न झाले, दादांचा आला. नागोठण्याच्या पुलावर आला. मग भिसे खिंडीचा चढ. माथ्यावर अंतूचा हॉर्न झाला, त्याच्या मागच्यांचे झाले, माझा झाला. मी श्वास रोखला.

काही नाही.

मी पुन्हा हॉर्न दिला. मागे नुसतं धुकं. पुढून अंतू ओरडला, "नसीम, चल पुढं! दादांनी काय सांगितलंय?" मला सगळं आठवत होतं. पण कुणी सांगितलेलं निमूट ऐकायचं म्हटलं की माझ्या अंगावरच येतं, त्याला काय करणार? मी गाडी वळवली.

खाली दुसऱ्या वळणाला दादा सापडले. गाडी स्टँडवर, हातात प्लग, चष्मा पांढराफटक. मला बघून असे खेकसले! "परत का आलीस? तुला काय सांगितलं होतं? फीर मागं!"

"ओरडू नका. ठिणगी?"

"नाय."

"हॉर्न?"

"मेला तो पन. दिवा पन."

"मग प्लग काय पुसत बसलात? बॅटरीकडून येतच नाहीये काही!" मी बाजूचं झाकण उपटलं.

पुरचुंडी पाझरत होती. फडकं काळंनिळं झालेलं, खाली बॅटरीच्या टोकांवर हिरवी बुरशी चढावी तसा गंज, आणि मी तार धरली तर ती बोटात भुगा होऊन आली. दादा वाकून बघत राहिले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा बघितलं.

"हे मीठ भिजत नाय गो," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "इतकी वरसं झाली. कधीच भिजलं नाय."

'मी सांगितलं नव्हतं?' हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर कित्येक दिवस तयार होतं. त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. ते रस्त्याच्या कठड्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "जा तू. राजीनामा देतो मी. बोललो तर बोललो."

तेव्हा मात्र मी भडकले. "उठा! आधी गाडीवर बसा! राजीनामा म्हणे! एवढ्याशा तारेसाठी? न्यूट्रल करा आणि हँडल सरळ धरा, बाकी माझ्याकडे!"

"पायानं ढकलनार? चढावर? मीच तर बंदी घातलीय त्याला. दोघं आडवे होऊ!"

"होऊ तर होऊ!"

मी पहिला गियर टाकला, डावा पाय त्यांच्या मागच्या फूटरेस्टवर रोवला आणि अल्लाचं नाव घेतलं. माझी गाडी किंचाळायला लागली. त्यांची हलली. मांडीत असा गोळा आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण पाय काढला नाही. दादा पुढून सारखे ओरडत होते, "डावी! डावी! खड्डा! देवा रे!" एकदा दोन्ही गाड्या लटपटल्या, दादांनी पाय टेकवून सावरलं, आणि आम्ही माथ्यावर आलो.

माथ्यावर धुक्यात दिवे होते. सगळी रांग तिथेच उभी! एकही गाडी पुढे गेलेली नव्हती.

"हॉर्न आला नाय," अंतू म्हणाला. "हॉर्न आला नाय तर थांबायचं, असं ठरलंय ना आपलं?"

दादांनी त्याला अशी शिवी दिली की ती इथे लिहिता येणार नाही, आणि ती देताना ते रडत होते. मग म्हणाले, "चला रे! बघता काय!"

पुढे उतार. दादांची गाडी बंदच, म्हणून ती सगळ्यांच्या पुढे. आयुष्यात पहिल्यांदा हसूदादा रांगेत पहिले! इंजिनाचा आवाज नाही, दिवा नाही, नुसता वारा कापत खाली सुटलेले, आणि दोन्ही अंगांनी आमच्या दिव्यांचा उजेड त्यांच्या पुढे पडलेला. मी ओरडत होते, अंतू ओरडत होता, का ते विचारू नका. उतार संपला तसा एका बाजूने मी पाय लावला, दुसऱ्या बाजूने अंतूने. रोहा आलं. दूधवाले सायकली थांबवून बघत राहिले, शाळेची पोरं "ए, ए!" करत धावली. कुंडलिकेच्या पुलावर धुकं पाण्यापासून थेट कठड्यापर्यंत भरलेलं. पुलावरून कंपनीच्या रस्त्याला लागलो आणि भोंगा सुरू झाला.

आमचा भोंगा लांब वाजायचा. तो संपायच्या आत जो गेटात, तो वेळेवर. "दाबा! दाबा!" दादा हँडलवर आडवे झाले, जणू त्याने वेग वाढणार होता. भोंगा खाली उतरायला लागला, बारीक झाला, अजून बारीक झाला, आणि आम्ही सगळेच्या सगळे गेटात घुसलो. दादांची गाडी वॉचमनच्या खोलीच्या भिंतीला टेकून थांबली.

साहेब तिथेच होते. त्यांनी दादांकडे पाहिलं, मग माझ्या चिखलाने भरलेल्या बुटाकडे. "म्हात्रे, गाडी बंद आहे तुमची."

दादा उतरले, मफलर नीट केला. "साहेब, शब्द मानसांचा दिला होता. इंजिनाचा नाय."

साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. "बॉयलर बघा जाऊन," एवढंच म्हणून ते वळले. जाता जाता वॉचमनला म्हणाले, "यांना आधी चहा द्या रे."

शिमग्याच्या आदल्या दिवशी दादांच्या शेतावर पोपटी केली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेवटच्या शेंगा, जाडं मीठ; मडकं उपडं करून भोवती जाळ. अंडी आणि चिकन अब्बांकडून. वहिनी नातीची खबर घेऊन परत आल्या होत्या. दादा खिंडीची गोष्ट सांगत होते. एव्हाना त्यात खिंड दुप्पट उंच झाली होती आणि चष्म्याचा उल्लेख गळाला होता. शेवटी म्हणाले, "सगला घात त्या मिठानं केला. मीठच खोटं निघालं. हल्ली पूर्वीसारखं मीठ रायलं नाय."

वहिनी मडकं उघडत होत्या. त्यांनी मान वर केली. "मी नव्हते तं भाजलं कोनी?"

"काय भाजलं?"

"पुरचुंडी. रोज रातच्या भाकऱ्या झाल्या का त्याच तव्यावर ती पुरचुंडी भाजते नि परत गाडीत नेऊन ठेवते. मीठ भाजल्याबिगर कोरडं रातं का? तुमच्या आईनंच दावलं मला." आणि मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघून, "अगो बाय! तुमाला म्हाईतच नाय?"

मी एवढ्या जोरात हसले की शेंग घशात अडकली. माझी केमिस्ट्री खरी होती, दादांचं मीठही खरं होतं, आणि मधलं सगळं या बाईने कुणाला न सांगता रोज संध्याकाळी केलं होतं! दादा तोंड उघडं ठेवून बसले होते. आम्हाला वाटलं, आता चिडणार. ते हळूच उठले, जाळाजवळ गेले आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ऐका रे सगले! ह्या रस्त्याला गाडी एकाच मानसाला कलते! आनि ती बाय गाडीवर कधी बसली सुद्धा नाय!"

पुढच्या रविवारी त्यांनी वहिनींना मागे बसवून कोलाडला भजी खायला नेलं. वहिनींच्या छातीवर पदराखाली वर्तमानपत्र खोचलेलं होतं, असं अंतूने शपथेवर सांगितलं.

मग माझं लग्न झालं, मी रोह्याला राहायला गेले, रांग सुटली. दादा निवृत्त झाले. पुढे वहिनी गेल्या. मी मयताला जाऊन आले, पण तेव्हा नुसती गर्दी, बोलणं झालं नाही. त्यानंतरच्या थंडीत एका रविवारी पेणला माहेरी आले होते, तर गाडी घेऊन दुपारीच त्यांच्या गावी गेले.

मिठागरं बरीचशी पडली होती, बांध फुटून खाडीचं पाणी आत आलेलं. ओटीवर आमच्या दुकानची ताडपत्री आणि तिच्याखाली दादांची मोटरसायकल. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून ते गाडीवर बसत नव्हते. मिशीला तेल मात्र तेवढंच. मला बघताच म्हणाले, "साखलीला तेल नाय तुझ्या. लांबून ऐकलं मी." किती बरं वाटलं ते ऐकून!

गप्पांत संध्याकाळ झाली. त्यांनी भाकऱ्या केल्या, वेड्यावाकड्या, एक बाजू जाड. शेवटची उतरवली आणि तव्यावर मिठाच्या दोन पुरचुंड्या ठेवल्या. दोन्ही बाजूंनी उलटवून नीट भाजत बसले.

"दादा, गाडी तर तुम्ही चालवत नाही."

"ते मला ठाव हाय," ते म्हणाले. "ओलीला कुठं ठाव हाय?" आणि एक पुरचुंडी उलटवून, "तिनं इतकी वरसं केलं. मी एक दिवस तरी विचारायचं होतं, काय करतेस म्हनून."

 ते उठले, गरम पुरचुंड्या घेऊन ओटीवर गेले, ताडपत्री सारून एक जागेवर ठेवली. दुसरी, तशीच गरम, माझ्या हेल्मेटात टाकली. "रोज भाज. भाजनार नसशील तर फेकून दे. अर्धवट नको."

अंधार पडायच्या आत निघाले. खाडीवरून धुकं वर यायला लागलं होतं. बांधाच्या वळणावर आले आणि हात आपोआप हॉर्नवर गेला. एकदा वाजवला. मग माझी मलाच गंमत वाटली. मागे कोण होतं रांगेत? घर दिसेनासं झालं होतं. तरी माझा पाय गियरवर जाईना. हॉर्न आला नाही तर थांबायचं, ठरलंय ना आपलं? मी गाडी चालू ठेवून तशीच उभी राहिले.

आणि आला! धुक्यातून, ओटीवरून, लांबलचक, म्हशीने हंबरावं तसा. बॅटरीची टोकं कोरडी होती, तारा शाबूत होत्या. मी डोळे पुसले, काच बोटभर उघडी ठेवली आणि गियर टाकला.